पायातली नस की छातीतली?

आपल्याकडे कुणाची बायपास झाली की भेटायला येणारे लोक हटकून एकच प्रश्न विचारतात. "किती ब्लॉकेज होते?" तीन म्हटलं की "अरे बापरे", पाच म्हटलं की दोन मिनिटं शांतता. मग पथ्य, मग मॉर्निंग वॉक, मग कुणाच्या तरी मेहुण्याची गोष्ट. पण ज्या नळीने हा नवा रस्ता बांधला ती नळी कुठून आणली, असं मी आजवर कुणालाही विचारताना ऐकलेलं नाही. गावाबाहेरच्या बायपासला कुठलं डांबर वापरलं यावरून आपण पेपरात पत्रं लिहू, पण हृदयाच्या बायपासबाबत 'डॉक्टरांनी केलं असेल ते बरोबरच' इथेच थांबतो.

मी डॉक्टर नाही. पण घरातल्या एका ऑपरेशनच्या निमित्ताने (त्याबद्दल पुढे सांगतो) या एका प्रश्नाचा इतिहास वाचायला लागलो आणि वाचतच गेलो. शरीरातली कुठली नळी काढून हृदयावर जोडायची, एवढाच प्रश्न. त्याचं उत्तर सर्जन मंडळींना सुरुवातीलाच जवळजवळ सापडलं होतं. मग ते बाजूला पडलं, आणि वीस वर्षांनी आकडेमोड करून पुन्हा शोधावं लागलं. असं का झालं असेल? मला वाटतं त्याचं कारण बायपासपुरतंच नाही.

आधी थोडं शाळेतलं विज्ञान. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त लागतंच. ते येतं महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन बारीक धमन्यांमधून. डावीचे लगेच दोन मोठे फाटे होतात, म्हणून एकूण तीन धरतात. त्यातली हृदयाच्या समोरून खाली उतरणारी सगळ्यात महत्त्वाची. डॉक्टर तिला 'एलएडी' म्हणतात. जिथे टाके घालायचे तिथे या धमन्यांची जाडी दीड-दोन मिलीमीटर असते, म्हणजे बॉलपेनच्या रिफिलपेक्षाही बारीक. आत चरबीचा थर साचून वाट बंद होत आली की त्याच्या पुढच्या भागात दुसरीकडून रक्त आणून सोडायचं, हीच बायपास.

आता नळी कुठली? कृत्रिम धाग्याच्या नळ्या पोटातल्या मोठ्या धमनीसाठी छान चालतात, पण इतक्या बारीक आकारात त्यांच्यात रक्त गोठतं. म्हणून पेशंटच्याच शरीरातलं काहीतरी घ्यावं लागतं, आणि असं काहीतरी की जे काढलं तरी त्याचं अडणार नाही. उमेदवार मोजकेच आहेत. पायाच्या आतल्या बाजूने घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी लांबलचक शीर. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी आतून खाली उतरणाऱ्या दोन धमन्या (हॉस्पिटलच्या भाषेत 'मॅमरी'). आणि मनगटावर जिथे नाडी बघतात ती हाताची धमनी, म्हणजे 'रेडियल'. बोलताना आपण सगळ्यांनाच 'नस' म्हणतो. पण धमनी हृदयाकडून जोरात येणारं रक्त नेते आणि शीर ते संथपणे परत आणते. या लेखातली सगळी भानगड त्या फरकातच आहे.

कल्पना तशी जुनी. फ्रेंच सर्जन अलेक्सी कॅरेल यांनी रक्तवाहिन्या एकमेकींना शिवायची रीत बसवली. १९१० साली त्यांनी कुत्र्याच्या मानेतल्या धमनीचा तुकडा महाधमनी आणि हृदयाची धमनी यांच्यामध्ये जोडून पाहिला. कुत्रा वाचला नाही, पण काय करता येईल हे त्यांनी लिहून ठेवलं. १९१२ साली त्यांना नोबेल मिळालं. पुढची चाळीस वर्षं ही कल्पना कागदावरच राहिली.

माणसावर पहिला गंभीर प्रयत्न झाला तो छातीतल्या धमनीचा. कॅनडात माँट्रियलला आर्थर व्हाइनबर्ग नावाचे सर्जन होते. १९५० साली त्यांनी एका पेशंटची छातीतली धमनी खालून सोडवली, हृदयाच्या स्नायूत एक बोगदा केला आणि तिचं टोक त्यात सरळ पुरून टाकलं. कशालाही जोडलं नाही! स्नायू स्पंजसारखा आहे, तो रक्त शोषून घेईल आणि हळूहळू नव्या वाटा फुटतील, असा त्यांचा हिशेब. बहुतेकांना हा वेडेपणा वाटला. रक्त साकळून गाठ कशी होणार नाही? पण बघणार कसं? जिवंत माणसाच्या हृदयाच्या धमन्यांचं चित्र घ्यायची सोयच नव्हती.

ती सोय झाली एका अपघाताने. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स एका तरुण पेशंटच्या महाधमनीत रंगद्रव्य सोडत होते. नळीचं टोक घसरून उजव्या हृदयधमनीच्या तोंडात गेलं आणि सगळं रंगद्रव्य तिथेच गेलं. पेशंटचं हृदय थांबलं. सोन्स यांनी त्याला खोकायला सांगितलं, तो खोकला आणि हृदय पुन्हा सुरू झालं. पडद्यावर मात्र त्या धमनीचं स्वच्छ चित्र उमटलं होतं. आज गल्लोगल्ली होणाऱ्या अँजिओग्राफीचा जन्म हा असा. चार वर्षांनी, १९६२ मध्ये, याच सोन्स यांनी व्हाइनबर्ग यांच्या जुन्या पेशंटांची चित्रं घेतली. काय दिसावं? पुरलेल्या त्या धमन्या वर्षानुवर्षांनीही उघड्या होत्या! छातीतली धमनी बंद पडत नाही, याचा हा पहिला पुरावा. तेव्हा सगळ्यांचं लक्ष होतं स्नायूत नव्या वाटा फुटल्या का याकडे. धमनी स्वतः इतकी ठणठणीत कशी राहिली, हा प्रश्न मागेच राहिला.

मधल्या काळात दोन माणसांनी तीच धमनी सरळ हृदयाच्या धमनीला जोडून दाखवली. पहिले न्यूयॉर्कचे रॉबर्ट गोट्झ. (हे गृहस्थ आधी दक्षिण आफ्रिकेत होते, आणि एवढ्या उंच मानेपर्यंत जिराफाचं रक्त कसं चढतं यावर त्यांनी संशोधन केलं होतं.) २ मे १९६० रोजी त्यांनी टाके न घालता टँटलम धातूच्या छोट्या कड्याने जोड दिला. पेशंट वर्षभर जगला. पण सहकाऱ्यांचा विरोध इतका होता की गोट्झ यांनी असं ऑपरेशन पुन्हा केलं नाही.

दुसरे लेनिनग्राडचे वासिली कोलेसोव्ह. दुसऱ्या महायुद्धात शहराला वेढा पडला तेव्हा तिथे सर्जन म्हणून काम केलेला माणूस. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी त्यांनी छातीतली डावी धमनी हृदयाच्या धमनीला चक्क टाक्यांनी शिवली, तीही हृदय-फुप्फुस यंत्राशिवाय, धडधडत्या हृदयावर. आज हेच ऑपरेशन नव्या अवजारांनी मोठ्या कौतुकाने होतं. त्यांच्याकडे अँजिओग्राफी नव्हती. पेशंटचं दुखणं थांबलं, तो चालू-फिरू लागला, हाच काय तो पुरावा. त्यांच्याच देशातल्या हृदयतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेला भवितव्य नाही असं ठरवून टाकलं. अमेरिकेतल्या नियतकालिकात त्यांचा लेख आला तो १९६७ मध्ये.

आणि त्याच वर्षी पायातली शीर मैदानात उतरली.

रेने फावालोरो हे अर्जेंटिनाचे. ला पाम्पा प्रांतातल्या एका खेड्यात बारा वर्षं डॉक्टरकी केलेला हा माणूस १९६२ मध्ये, वयाच्या चाळिशीला टेकला असताना, क्लीव्हलंडला नव्याने शिकायला गेला. तिथे किडनीच्या तुंबलेल्या धमनीवर पायातल्या शिरेचा तुकडा जोडायची पद्धत चालू होती. किडनीला चालतं तर हृदयाला का नाही? ९ मे १९६७ रोजी त्यांनी ५१ वर्षांच्या एका बाईंच्या बंद पडलेल्या उजव्या हृदयधमनीत पायातली शीर बसवली. काही दिवसांनी सोन्स यांनी चित्र घेतलं. रक्त छान वाहत होतं.

त्यांच्या आधी, १९६४ मध्ये, ह्यूस्टनला गॅरेट आणि डिबेकी यांच्या चमूनेही शीर वापरून बायपास केली होती, पण त्यांनी ते छापलं १९७३ मध्ये. कोलेसोव्ह यांच्याकडे चित्र नव्हतं, ह्यूस्टनवाल्यांनी लेख लिहिला नाही, आणि फावालोरो यांच्याकडे दोन्ही होतं, शिवाय मागे क्लीव्हलंडसारखी संस्था. बायपासचं श्रेय त्यांच्या नावावर जमा झालं. ते अन्यायाचं आहे असं मला वाटत नाही. ऑपरेशन रोजच्या रोज, एकामागून एक करता येईल अशा रूपात त्यांनीच आणलं.

शीर का जिंकली हे समजायला सर्जन असायची गरज नाही. ती लांब असते, एका पायातून तीन-चार तुकडे सहज निघतात. ती जाड असते, टाके घालायला सोपी. मुख्य सर्जन छाती उघडत असताना सहकारी पायावर काम करतो, म्हणजे वेळ वाचतो. शिरेत रक्त एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा असतात, म्हणून तुकडा उलटा करून बसवायचा, एवढंच भान ठेवलं की झालं. याउलट छातीतली धमनी नाजूक. हाडामागून सोडवायला वेळ लागतो, धक्का लागला तर आकसते. न्यूयॉर्कचे जॉर्ज ग्रीन १९६८ पासून सूक्ष्मदर्शकाखाली ती एलएडीला शिवत होते, पण त्यांच्या वाटेने जाणारे थोडेच. पेशंट टेबलावर असताना दोन्हीतलं रक्त सारखंच धावतं. दहाव्या दिवशी दोघांचे पेशंट सारखेच हसत घरी जातात. मग कठीण काम कोण कशाला करेल?

भारतात १९७५ साली चेन्नईच्या (तेव्हाच्या मद्रासच्या) पेरांबूर इथल्या दक्षिण रेल्वेच्या हॉस्पिटलात डॉ. के. एम. चेरियन यांनी पहिली बायपास केली. तोवर जगभर हे ऑपरेशन नेहमीचं होत चाललं होतं. आपल्या आधीच्या पिढीत ज्यांची बायपास झाली त्यांच्या पायावरचा तो लांबच लांब व्रण आठवा. उन्हाळ्यात लेंगा वर करून बसलेले एखादे काका तरी तुमच्या आठवणीत असतीलच. छातीपेक्षा पायच जास्त ठणकतो, ही त्यांची कायमची तक्रार.

आता शिरेचं दुखणं. पायातल्या शिरेला जन्मभर संथ, कमी दाबाच्या रक्ताची सवय. तिला एकदम महाधमनीच्या तोंडाशी नेऊन बसवलं की प्रत्येक ठोक्याला तो दणका. ती आतून जाड होऊ लागते, आणि काही वर्षांनी तोच चरबीचा थर तिच्यातही साचतो, मूळ धमनीपेक्षाही भराभर. ढोबळ हिशेब असा, की दहा वर्षांनी अशा निम्म्याच्या आसपास शिरा बंद किंवा खराब झालेल्या असतात. छातीतल्या डाव्या धमनीचं एलएडीला जोडलेलं टोक मात्र दहातल्या नऊ जणांत तेव्हाही उघडं असतं.

पण हे कळायला दहा वर्षं जावी लागतात ना! आणि नुसती जाऊन उपयोग नाही, त्या दहा वर्षांत कुणीतरी मोजत बसावं लागतं. हे मोजायचं काम क्लीव्हलंडनेच केलं. ज्या दवाखान्याने पायातली शीर जगाला दिली त्यानेच तिच्यातली खोट दाखवली, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात मोठेपणाचं वाटतं. १९८६ साली फ्लॉइड लूप आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकातल्या आपल्या पेशंटांचा हिशेब मांडला. एलएडीला छातीतली धमनी जोडलेले २,३०६ आणि फक्त शिरा वापरलेले ३,६२५. तिन्ही धमन्या खराब असलेल्यांपैकी पहिल्या गटातले ८२.६ टक्के दहा वर्षांनी जिवंत होते, दुसऱ्या गटातले ७१ टक्के. म्हणजे शंभरात अकरा-बारा माणसांचा फरक. आजार तोच, संस्था तीच, फरक फक्त नळीचा.

यात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, हे खरं. कदाचित धडधाकट पेशंटांनाच धमनी मिळाली असेल, अशी शंका घेता येते आणि घेतली गेलीही. त्यांनी वय, हृदयाची ताकद वगैरे हिशेबात धरूनही फरक उरलाच. त्यानंतर डावी छातीतली धमनी एलएडीला, हा जवळजवळ नियमच झाला. आज कुठल्याही बऱ्या हॉस्पिटलात हेच करतात. व्हाइनबर्ग यांनी हाताळलेली, कोलेसोव्ह यांनी शिवलेली तीच धमनी!

ती टिकते का, याचीही कारणं पुढे सापडली. तिच्या भिंतीतला लवचिक पडदा जवळजवळ अखंड असतो, त्यातून चरबी आणि पेशी सहज घुसत नाहीत. तिचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड भरपूर तयार करतं, त्यामुळे ती सैल राहते आणि आत रक्त गोठत नाही. शिवाय तिचं वरचं टोक कापतच नाहीत. ते मूळ जागी जोडलेलं राहतं, फक्त खालचं टोक वळवून हृदयावर आणतात. झाड न उपटता फांदी वळवावी तसं.

हाताच्या धमनीची कथा तर अजून नाट्यमय. पॅरिसच्या आलें कार्पांतिए यांनी १९७१ मध्ये ती वापरायला सुरुवात केली. पण ही धमनी स्नायूंनी भरलेली, जरा डिवचलं की आवळून बसते. दोनेक वर्षांतच बऱ्याच बंद पडलेल्या दिसल्या आणि त्यांनीच इतरांना सांगितलं, नका वापरू. झालं, विषय संपला. पण पंधराहून जास्त वर्षांनी त्यातल्या काही जुन्या पेशंटांची चित्रं घेतली, तर काहींची धमनी स्वच्छ उघडी! मग ख्रिस्तोफ अकार आणि कार्पांतिए यांनी, आजूबाजूच्या ऊतींसकट हलक्या हाताने काढून आणि आवळू नये म्हणून डिल्टियाझेमसारखी औषधं देऊन, तिचं पुनरागमन घडवलं. त्यांचा लेख १९९२ चा. पुढे २०१८ मध्ये सहा चाचण्यांतले १,०३६ पेशंट एकत्र करून पाहिलं, तेव्हा दुसऱ्या जोडासाठी शिरेऐवजी हाताची धमनी वापरलेल्यांत पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा काही करावं लागणं हे सगळं मिळून साधारण एक तृतीयांशाने कमी दिसलं.

आता घरातली गोष्ट. माझ्या मोठ्या भावाची, म्हणजे दादाची बायपास ठरली तेव्हा आदल्या दिवशी सर्जन खोलीत आले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आपण लिहिता कोणत्या हाताने?" आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. दादा म्हणाला, "उजव्या. डाव्या हाताने फक्त पेटीचा भाता मारतो." मग डॉक्टरांनी त्याच्या डाव्या मनगटावर दोन्ही बाजूंच्या नाड्या अंगठ्यांनी दाबल्या, मूठ उघडमीट करायला लावली, तळवा पांढरा पडला. करंगळीच्या बाजूचा अंगठा उचलल्याबरोबर तळव्यावर लाली परतली. "झकास," म्हणाले. १९२९ साली एडगर ॲलन यांनी सांगितलेली ही साधी परीक्षा. एक धमनी काढली तरी दुसरी हाताला पुरेल का, ते बघायचं.

वहिनींनी विचारलं, "डॉक्टर, हात लुळा नाही ना पडणार?" त्यांनी खुर्ची ओढली आणि कागदावर हृदय काढून समजावलं. डावी छातीतली धमनी एलएडीला. हाताची धमनी बाजूच्या फाट्याला, कारण तिथे अडथळा नव्वद टक्क्यांवर आहे. अडथळा कमी असेल तर मूळ वाटेनेच पुरेसं रक्त येतं आणि हाताची धमनी काम नाही म्हणून आवळून बसते. उजव्या बाजूला पायातली शीर. मी वाचून ठेवलेलं असल्याने विचारलं, छातीतल्या दोन्ही का नाही? ते म्हणाले, "यांना डायबेटिस आहे, वजनही आहे. दोन्ही काढल्या तर मधल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम चिघळायची भीती. जे मिळेल ते दहा वर्षांनी, आणि धोका मात्र पुढच्या दहा दिवसांत." हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं आहे. दादा बरा आहे. अंगठ्याच्या मागची बधिरता काही महिने होती, मग गेली. भाता चालू आहे.

छातीतल्या दोन्ही धमन्या वापराव्यात का, हा प्रश्न मोठ्या लोकांनाही सुटलेला नाही. आधीच्या नोंदींवरून दोन म्हणजे अधिक चांगलं असं दिसत होतं. मग ऑक्सफर्डचे डेव्हिड टॅगार्ट यांनी २००४ पासून सात देशांतल्या २८ हॉस्पिटलांत ३,१०२ पेशंटांची चिठ्ठ्या टाकून चाचणी घेतली. भारतही त्यात होता. दहा वर्षांचा निकाल २०१९ मध्ये आला. दोन धमन्यांच्या गटात २०.३ टक्के मृत्यू, एकीच्या गटात २१.२. म्हणजे फरक नाही म्हटलं तरी चालेल. पण मेख अशी, की दोन धमन्या ठरलेल्या पेशंटांपैकी सातातल्या एकाला प्रत्यक्षात दोन बसवल्याच नाहीत, आणि एकीच्या गटातल्या बऱ्याच जणांना हाताची धमनी मिळाली होती. त्यामुळे वाद चालूच. पुरावा मिळवायला दहा वर्षं थांबा, आणि थांबून मिळालेला पुरावाही असा.

पायातली शीर तरी संपली का? मुळीच नाही. बहुतेक बायपासमध्ये ती अजून असतेच, कारण तीन-चार जोडांना पुरेल एवढं दुसरं काही नाही. स्वीडनमध्ये ओरेब्रो इथे दोमिंगोस सोझा यांनी १९९६ मध्ये वेगळीच गोष्ट मांडली. शीर काढताना आपण तिच्याभोवतीची चरबी सोलून काढतो, मग गळते का बघायला सिरिंजने पाणी भरून फुगवतो. तिला खराब तर आपणच करत नाही ना? त्यांनी चरबीसकट, न फुगवता, तशीच काढून बसवली. चीनमध्ये अडीच हजारांहून जास्त पेशंटांवर झालेल्या चाचणीत (२०२१) अशा शिरा पहिल्या वर्षात कमी बंद पडल्या. पायाची जखम भरायला मात्र जास्त त्रास झाला. म्हणजे इथेही किंमत आहेच.

या दहा-वीस वर्षांच्या हिशेबाचं आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेलं एक उदाहरण आहे. डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० साली इंग्लंडमध्ये झाली आणि दुसरी जानेवारी २००९ मध्ये, ते पंतप्रधान असताना, दिल्लीच्या 'एम्स'मध्ये. दुसऱ्या वेळी मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या नेतृत्वाखाली चमू होता. पांडा शिकले ते त्याच क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये. दुसरी बायपास नेहमीच अवघड. छाती पुन्हा उघडायची, आत सगळं चिकटलेलं, आणि चांगल्या नळ्या आधीच वापरून झालेल्या. पहिल्या वेळी काय वापरलं आणि काय राखून ठेवलं याला तेव्हा किंमत येते.

मला या इतिहासात खलनायक कुणी दिसत नाही. फावालोरो यांनी माणसं वाचवली, शीर वापरणाऱ्या प्रत्येक सर्जनने वाचवली. पण त्या दिवशी दिसणारा निकाल सगळ्यांना सारखाच दिसत होता, आणि खरा निकाल बघायला थांबणारे फार थोडे. आजही जो सर्जन तासभर जास्त उभा राहून हाताची धमनी काढतो, त्याला त्याचं फळ बहुतेक दिसत नाही. दहा वर्षांनी पेशंट दुसऱ्या गावी असतो, सर्जन कदाचित निवृत्त झालेला असतो. बिलात त्या जास्तीच्या तासाची वेगळी ओळ मी तरी पाहिलेली नाही. तरी काही लोक ते करतात, आणि काही लोक वर्षानुवर्षं नोंदी ठेवत बसतात. आपल्याकडे ऑपरेशनं धडाधड होतात, पण दहा वर्षांपूर्वीच्या पेशंटला 'कसे आहात' विचारणारा फोन किती ठिकाणांहून जातो?

असो. नात्यातल्या मंडळींसाठी कामाचं सांगतो. बायपास ठरली तर सर्जनना शांतपणे विचारा, एलएडीला छातीतली डावी धमनीच लावणार ना? बाकीच्यांना काय, आणि तेच का? अँजिओग्राफी बहुतेक वेळा मनगटातून, सहसा उजव्या, करतात. ज्या मनगटातून ती झाली तिथली धमनी बायपासला घ्यायचं शक्यतो टाळतात, तेव्हा दोन्ही मनगटं वापरली गेली असतील तर तेही सांगा. उत्तर 'पायातली शीर' आलं तर घाबरू नका. वय, डायबेटिस, घाई, धमनीची जाडी अशी खरी कारणं असू शकतात. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. आमच्यासमोर तर एकाने खुर्ची ओढून चित्र काढलं होतं. तो कागद वहिनींनी अजून फाइलमध्ये ठेवलाय.